बारा बादल्या आणि एक शिटी

आमच्या घरात आगीची सगळी तयारी होती, फक्त पाण्याचा भरवसा नव्हता. थट्टा समजू नका. वाळू होती, ओली पोती होती, छपराचं गवत ओढून काढायला लांब आकडा होता, कागदपत्रांची पत्र्याची पेटी होती. कोणी काय उचलायचं आणि कुठल्या दारानं पळायचं, याचा हुकूम भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. घराला दार एकच होतं, तरीही ते लिहिलेलं होतं.

हा सगळा कारभार माझ्या बाबांचा. आमचं गाव अमरावतीहून वलगावकडे जाताना थोडं आत, आणि बाबा कामाला अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये. तिथं कापसातून सरकी काढताना एखादा खडा यंत्रात गेला की ठिणगी पडायची आणि रुईचे ढीगच्या ढीग पेटायचे. म्हणून तिथं कामगारांना बादल्यांची रांग, वाळू, शिटी असं सगळं शिकवलेलं. बाबा ते शिकले आणि बिघडले. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे, मिळेल त्यानं गावी यायचे आणि रविवारचा आख्खा दिवस आम्हाला आगीतून वाचवायचे. सोमवार ते शनिवार आम्ही आमच्या जबाबदारीवर. आग रविवारीच लागणार, अशी त्यांची खात्री असावी.

रविवारी भाकरी खाऊन झाली की बाबा अंगणात उभे राहून "आग" म्हणायचे. मग मी पेटी घेऊन पळायचं आणि कडुलिंबाखाली तिच्यावर बसून राहायचं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पेटीत बाबांचं नोकरीचं पत्र, रेशन कार्ड आणि माझा शाळेचा दाखला. मायनं शेळी सोडायची आणि पोतं भिजवून छपरावर टाकायचं. घरात चौथं माणूस म्हणजे आत्या, बाबांची विधवा मोठी बहीण. तिनं एकदा विचारलं, "अन् म्या काय न्याव?" बाबा म्हणाले, "तू तुले ने." आत्या म्हणाली, "मंग मले जड काम देलं तुनं." आणि जागची हलली नाही. प्रत्येक रविवारी आत्या जळून मरायची आणि दुपारी वरण-भात खायची.

वाळूची बादलीही आत्याच्याच ताब्यात. कोरडी, चाळलेली, छान बारीक वाळू घरात असताना फुटाणे भाजायला दुसरीकडून कुठून आणायची? ती वाळू कढईत जायची, तापायची आणि पुन्हा बादलीत यायची. एकदा बाबांनी तपासणीसाठी बादलीत हात घातला तर मूठभर फुटाणे निघाले. त्यांनी ते खाल्ले आणि मग रागावले.

पण खरा जाच होता तो दोन रांजणांचा. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे रांजण, काठोकाठ भरलेले, आणि हुकूम असा की या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. हे आगीचं पाणी. उन्हाळ्यात ते आटायचं, रांजण पाझरायचे, शेळी तोंड घालायची. पुन्हा भरायचे कोणी? मायनं. आणि भरायचे म्हणजे काय, ते सांगते, म्हणजे बाबांची तयारी कोणाच्या कमरेवर उभी होती ते कळेल.

गावात गोड्या पाण्याची विहीर एकच. तिच्यावर लोखंडी चाक, चाकावर दोर. त्या दोराला आमचा हात लागायचा नाही. माय घागर घेऊन जायची आणि विहिरीच्या ओट्याखाली एका दगडावर बसायची. कोणा बाईला दया आली, सवड झाली, मूड लागला, की ती वरून मायच्या घागरीत पाणी ओतायची. निम्मं घागरीत, निम्मं मायच्या हातावर. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. देव गेले, मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, गावकीचं सगळं हलकं काम सोडलं. गाव आम्हाला तोंडावर काही बोललं नाही. फक्त विहिरीवर ओतणाऱ्या बायांचे हात फार हळू झाले. कधी कधी माय सकाळी जाऊन उन्हं डोक्यावर आल्यावर एक घागर घेऊन परत यायची. ती एक घागर प्यायची की रांजणात ओतायची, यावर आमच्या घरात भांडण.

बाबांची एक आवडती म्हण होती. तहान लागल्यावर विहीर खोदून उपयोग नसतो. दर रविवारी ती ऐकावी लागायची. एकदा माय पोतं आपटून म्हणाली, "अन् इहीर समोर असून तहान लागली तं काय कराव, ते शिकवते का तुमच्या जिनात?" बाबा आकड्याला तेल लावू लागले.

माय फार मागणारी बाई नव्हती. लुगडं मागितलं नाही, सोन्याचं नाव काढलं नाही. पण घागर उतरवताना हात चोळत एकच म्हणायची, "एकडाव त्या चाकाचा दोर माह्या हातात पाह्यजे. मंग मेली तरी चालन." आत्या म्हणायची, "मरू नको व बाई, मंग रांजण मले भरा लागन."

अशात शेजारच्या एका गावात उन्हाळ्यात घरांची एक आख्खी ओळ जळाली. सरकारला जाग आली. सरकारला जाग आली की ग्रामसेवक येतो. तो बैलगाडीत बारा लाल बादल्या आणि एक पितळी शिटी घेऊन आला आणि गावात आगीची समिती झाली. अध्यक्ष अर्थातच पाटील. गावात काहीही झालं तरी अध्यक्ष तेच असायचे, हगवणीची साथ आली तरी.

आता समिती तर झाली, पण आग विझवायची कशी ते कोणालाच माहीत नव्हतं. गावात ते शिकलेला माणूस एकच, माझा बाप. रविवारी पाटलांचं बोलावणं आलं. बाबा सदरा घालून गेले. मीही मागे गेले, म्हणून पुढचं सगळं मला तोंडपाठ आहे.

बाबांनी सांगितलं ते सरळ होतं. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग. भरलेली बादली हातोहात पुढं जाईल, रिकामी हातोहात मागं येईल. पाटील ऐकत होते. मग त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि रांग कशी लावायची ते स्वतः सांगायला लागले. विहिरीजवळ त्यांचे भाऊबंद. मग बाकीचे, उतरत्या भाजणीनं. आणि अगदी शेवटी, आगीच्या तोंडाशी, आम्ही. म्हणजे आमचा हात लागलेलं पाणी थेट आगीत जाणार. कोणाला विटाळ नाही, आगीला तर नाहीच. आमच्या अलीकडच्या माणसानं बादली आमच्या हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची. आमच्या माणसानं ती उचलायची. पाटलांनी किती बारकाईनं विचार केला होता पाहा. एवढा विचार त्यांनी आगीचा केला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते.

बाबांनी विचारलं, "अन् पाटील, रिकाम्या बादल्या?"

पाटील म्हणाले, "त्या तुमच्याइकडंच राहू द्या. मंग आगीवर धरून शुद्ध करू अन् नेऊ. आन हे पाहा, शिटी तुमी वाजवाची. तुमी शिटीप्रमुख. शिटी वाजली की आपत्काळ सुरू, असं लिहून घ्या हो ग्रामसेवक."

त्या दिवशी पाटलांनी माझ्या बाबांना आयुष्यात पहिल्यांदा "तुमी" म्हटलं. त्याआधी बाबांहून वयानं लहान असलेली पाटलांची पोरंसुद्धा त्यांना "अरे" म्हणायची. बाबांनी ती शिटी दोन्ही हातांत घेतली आणि रिकाम्या बादल्यांचा प्रश्न गिळून टाकला. जिनिंगमध्ये चौदा वर्षं बादल्या फिरवलेला माणूस. त्याला कळत नव्हतं असं कोणी मला सांगू नये. त्याला सगळं कळत होतं. एका शिटीला आणि एका "तुमी"ला माझा बाप विकला गेला, आणि मी हे त्यांच्या तोंडावर म्हणायला तीस वर्षं घेतली.

तालीम झकास झाली. तुराट्यांचा एवढासा ढीग पेटवला होता, तो सहा बादल्यांत विझला. मग त्या सहा बादल्या, विझलेला ढीग पुन्हा पेटवून, जाळावर धरल्या आणि शुद्ध झाल्यावर नेल्या. विझवायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट शुद्ध करायला. ग्रामसेवकानं वहीत "समाधानकारक" लिहिलं, पाटलांकडे जेवला आणि गेला.

मायनं संध्याकाळी विचारलं, "बादल्या किती हायेत?"

"बारा," बाबा म्हणाले.

"अन् तेरावी कुठून येईन?"

बाबा शिटी पुसत होते. त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि सोमवारच्या पहाटे अकोल्याला गेले.

आग लागली ती बुधवारी. वैशाखातली भर दुपार, चांदूर बाजारचा बाजार, गावातली धडधाकट माणसं तिकडे गेलेली, आमच्यातले पुरुष अमरावतीला कामावर. पेटली ती नेमकी अध्यक्षांच्या कडब्याची गंजी, गोठ्याला लागून. कोणी म्हणे चिलीम, कोणी म्हणे राखेतला निखारा. वारा पश्चिमेचा. गावात आमची वस्ती पूर्वेला असते ती काही उगाच नाही, गावावरून गेलेला वारा आमच्याकडे यावा, आमच्यावरून गेलेला गावाकडे जाऊ नये, म्हणून. तर त्या वाऱ्यानं गावची आगही आमच्याकडेच पाठवली. गोठ्यानंतर पहिलं घर आमचं, आणि वर गवताचं छप्पर.

शिकवल्याप्रमाणे मी पेटी घेऊन पळाले आणि कडुलिंबाखाली बसले. मायनं शेळी सोडली. आत्या त्या दिवशी मात्र स्वतःला घेऊन बाहेर आली, आणि तेही सगळ्यांच्या आधी. दोन्ही रांजणांचं पाणी छपरावर मारून झालं, वर्षभर राखलेलं ते पाणी घटकाभरात संपलं. समोर विहिरीपाशी लोक जमलेले, बादल्या बाहेर काढलेल्या, आणि कोणीही हलत नव्हतं. का? तर शिटी वाजली नव्हती. शिटी वाजल्याशिवाय रांग लावायची नाही असं वहीत लिहिलेलं, आणि शिटीप्रमुख अकोल्याला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माय पुन्हा घरात शिरली. छपराच्या एका कोपऱ्यातून धूर निघत होता. पण मला पेटीवरून उठायचा हुकूम नव्हता. माय शिटी घेऊन बाहेर आली आणि तिनं अशी शिटी फुंकली की शेळी थेट रस्त्यापर्यंत पळाली.

मग मात्र रांग लागली. अगदी शिकवल्याप्रमाणे, उतरत्या भाजणीनं. म्हातारेकोतारे आणि बाया, पण प्रत्येकजण आपापल्या पायरीवर. विहिरीवर पाटलीणबाई स्वतः दोर ओढत होत्या. पहिली बादली आली, जमिनीवर ठेवली गेली, मायनं उचलली, मारली. दुसरी, तिसरी. बारावी बादली मारली आणि सगळं थांबलं.

तो क्षण मला अजून स्वच्छ दिसतो. इकडे मायच्या पायाशी बारा रिकाम्या बादल्या. तिकडे विहिरीत पाणी, चाकावर दोर, दोर धरून पाटलीणबाई, आणि बादली एकही नाही. मध्ये तीसएक माणसं हात लांब करून उभी. आणि आग मजेत गोठ्याकडे निघालेली. आत पाटलांचे बैल हंबरत होते.

पाटील ओरडले, "बादल्या धाडा!"

रांगेतून कोणीतरी आठवण केली, "तशा नाही हो पाटील. आधी आगीवर धरा लागन."

आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आग तुमचीच हाय, पाटील. या, धरा."

आणि खोटं वाटेल, पण पाटलांच्या एका चुलतभावानं खरोखर एक बादली काठीला अडकवली आणि जळत्या गंजीवर धरली. म्हणजे जी आग विझवायची तिच्यावरच बादली शुद्ध करून घ्यायची, आणि मग तिच्यात पाणी आणून तीच आग विझवायची. काठी पेटली, बादली आत पडली. राहिल्या अकरा.

मायनं दोन बादल्या उचलल्या आणि विहिरीकडे निघाली. तिला वाट मागावी लागली नाही. रांगेतली माणसं दोन्हीकडे झटकन सरकली, तिचा पदर लागू नये म्हणून. विटाळाचा हा एक फायदा आहे, गर्दीत रस्ता लगेच मिळतो. ती ओट्यावर चढली. पाटलीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मागे पेटलेल्या गोठ्याकडे पाहिलं, आणि दोर सोडून दिला. मायनं तो धरला.

मग ती ओढतच राहिली. किती ओढल्या ते मोजायला कोणी नव्हतं. एकदा मायचे हात लागल्यावर आता रिकाम्या बादल्यांना काय जपायचं, म्हणून त्याही हातोहात मागे येऊ लागल्या, आणि रांग बाबांनी सांगितली होती तशी फिरायला लागली. बैल सुटले. गंजी गेली, अर्धा गोठा गेला, आमच्या छपराचा एक कोपरा गेला. घर राहिलं. संध्याकाळी माय ओसरीत बसली होती. दोन्ही तळहात सोललेले, आत्या त्यांना तेल लावत होती, आणि माय हसत होती. मी तिला असं हसताना फार पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

रविवारी समितीची बैठक झाली. पाटील पारावर, आम्ही पाराखाली. पाटलांनी बाबांची तारीफ केली, तुमची तयारी कामाला आली म्हणाले, पुन्हा एकदा "तुमी". बाबा लाजले. मायचं नाव कोणी घेतलं नाही, पण "ते जे झालं" यावर चर्चा झाली. पाटलांनी निकाल दिला, "आपत्काळ होता. शिटी वाजली होती. आपत्काळात विटाळ नसते, शास्त्रातच हाय. त्या बाईवर काही दोष नाही."

आत्यानं खालून विचारलं, "दोष नाही तं मंग इहीर काऊन उपसून राह्यले?"

कारण विहीर उपसायचं आधीच ठरलं होतं. पाटील म्हणाले, "ते आपत्काळ सरल्यावरचं." भर वैशाखात, जेव्हा विहिरीत पुरुषभरही पाणी नव्हतं, तेव्हा गावानं ते सगळं उपसून शेतात सोडून दिलं. पुढचे दोन दिवस पाटलीणबाई ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. आमच्याच शेजारी बसून. आम्हाला झिऱ्याची सवय होती, त्यांना नव्हती.

आणि समितीनं चूक शोधून काढली. चर्चेअंती एकमतानं ठरलं की बादल्या कमी पडल्या. ग्रामसेवकानं आणखी बारा बादल्यांची मागणी लिहून घेतली.

घरी येताना मायनं बाबांना एवढंच विचारलं, "शिटी वाजली की विटाळ नाही, असंच म्हटलं न पाटलानं? साऱ्या गावापुढं?"

"हाव," बाबा म्हणाले.

विहिरीला पाणी आलं त्या सकाळी माय घागर आणि एक लाल बादली घेऊन निघाली. मी मागे. विहिरीवर पाटलीणबाई आणि चार-पाच बाया. मायला पाहून एकजण म्हणाली, "बस तिथी. ओतते मंग."

माय दगडावर बसली नाही. तिनं कमरेची शिटी काढली आणि फुंकली.

घराघरांतून लोक बाहेर आले. कोणी आभाळाकडे पाहत होतं, कोणी गंजीकडे. पाटलीणबाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं? कुठी लागली आग?"

"माह्या घरी प्याले पाणी नाही, बाई," माय म्हणाली. "याच्याहून मोठा आपत्काळ कोणता?" आणि ती ओट्यावर चढली.

पाटलांना बोलावणं गेलं. पाटील आले. शास्त्र त्यांचंच होतं, ठराव त्यांचा होता, वहीत लिहिलेला होता. त्यांनी तंबाखू थुंकली आणि परत गेले. मायनं तीन घागरी भरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिटी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आमच्या वस्तीतल्या बाया आता तिच्या मागोमाग जायच्या, एका शिटीत सगळ्यांचं पाणी. गाव लगेच सुधारलं असं कोणी समजू नये. दोन-तीन घरांनी ते पाणी सोडलं, आणि पुढच्या वर्षी पाटलांनी आपल्या आवारात स्वतंत्र विहीर खोदली. ती खारी लागली.

पण रोज सकाळी उठून आगीची शिटी ऐकणं सोपं नसतं. महिनाभरानंतर एक दिवस मायनं शिटी तोंडाला लावली तेव्हा पाटलीणबाई कडेवर नातवाला थोपटत म्हणाल्या, "नको फुकू व माय. आत्ता कुठी डोळा लागला लेकराचा. भर तुह्यं पाणी."

माय घागर भरून घरी आली. तिनं शिटी पदरानं पुसली आणि पत्र्याच्या पेटीत, माझ्या दाखल्याच्या खाली ठेवली.

रविवारी बाबांनी तपासणी सुरू केली. वाळू पाहिली, आकडा पाहिला, रांजण पाहिले. दोन्ही काठोकाठ भरलेले, आणि आत्या त्यातून तांब्या बुडवून पाणी पीत होती. बाबा काही बोलणार तेवढ्यात त्यांचं लक्ष खुंटीकडे गेलं.

"शिटी कुठी हाय?" ते म्हणाले. "उद्या आग लागली तं?"

माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"लागली होती," ती म्हणाली. "इझली."